चैत्रातल्या रिंगिंगला येण्याआधी

चि. पक्षीमित्रास अनेक आशीर्वाद.

चैत्र अमावस्येच्या रिंगिंगला, म्हणजे पाखरं जाळ्यात धरून पायात नंबराची कडी घालून सोडण्याच्या कामाला, ठाणे खाडीच्या मिठागरात येतेय असं तू कळवलंस, आनंद वाटला. अवस आम्ही मुद्दाम निवडतो. उधाणाच्या भरतीत चिखलपट्टे बुडतात, मग किनारी पाखरं मिठागरांच्या बांधांवर गोळा होतात आणि चांदणं नसल्यामुळे काळी जाळी त्यांना दिसत नाही. काम रात्री सुरू होतं ते उजाडून ऊन तापेपर्यंत. आदल्या दुपारी झोप काढून ये.

हिवाळ्यातलं पाखरू इथे मुक्कामाला असतं, चैत्रातलं निघायच्या तयारीत. कर्ल्यू सँडपायपर हा छोटा स्थलांतरी किनारी पक्षी हातात आला की बघ, पोटावर विटकरी पिसं फुटलेली असतील आणि मधेमधे हिवाळ्याचा पांढुरका रंग उरलेला. गळ्याखालच्या खळगीवर हलकी फुंकर घाल. पिसं बाजूला होतात आणि पातळ कातडीआड पिवळसर चरबी दिसते. जानेवारीत जवळजवळ रिकामी असणारी ती खळगी आता भरून फुगलेली असते. हीच त्याची सायबेरियाच्या टुंड्रापर्यंतची शिदोरी. तिथला उन्हाळा इतका आखूड की उशीर झाला तर वीण हातची जाते. आपण त्याला धरून ठेवतो तेवढा वेळ तो या शिदोरीतलंच खर्च करतो. म्हणून चैत्रात माझा आग्रह असतो की जाळी कमी लावा आणि हात भराभर चालवा. मापं घ्यायची राहिलेली पाखरं पेट्यांत साचायला लागली तर जाळी गुंडाळायला सांगायला कचरू नकोस. नवीन माणसाने सांगितलं तरी ते ऐकलंच पाहिजे.

जाळ्यातून काढताना ओढू नकोस. पाखरू कोणत्या बाजूने शिरलं ते आधी शोध, त्याच बाजूने ते बाहेर येतं. बहुतेक वेळा आधी पाय मोकळे होतात, मग पंख आणि शेवटी डोकं. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळहाताला. लांब पायांच्या पाखरांना जास्त वेळ आवळून धरलं की स्नायू आखडतात आणि सोडल्यावर त्यांना उभंच राहता येत नाही. म्हणून त्यांना पिशवीत न कोंबता हवेशीर पेटीत उभं ठेवायचं.

कडी बसवल्यावर तिच्या सांध्यावरून नख फिरव. फट जाणवली तर तिथे दोरा अडकू शकतो. नंबर मोठ्याने वाच, लिहिणाऱ्याने तो परत म्हणायचा, आणि सोडण्याआधी पुन्हा एकदा वाच. मग पंखाची लांबी, वजन, पिसांची अवस्था. बहुतेक कड्यांचा पुढे कधीच पत्ता लागत नाही, त्यामुळे त्या रात्रीची मापंच आपली खरी कमाई असते. ती घाईत लिहू नकोस.

आपल्याकडे हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं ते 1959 नंतर, पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींच्या पुढाकाराने. त्याआधी 1957 मध्ये कर्नाटकात क्यासनूरचा रोग (माकडताप) उद्भवला होता आणि त्याचे विषाणू स्थलांतरी पक्ष्यांवरच्या गोचिडांतून आले का, ही शंका तपासायची होती. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या) त्या कामाला बिहारचे अली हुसेन यांच्यासारख्या पिढीजात पाखरं पकडणाऱ्यांचे हात लाभले. शास्त्रज्ञांइतकंच श्रेय मी त्यांना देतो. जाळं कुठे लावायचं आणि पाखराला इजा न करता कसं धरायचं हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या गटातल्या कोळी भावांना भरतीचं तसंच कळतं. ते ‘आता निघा’ म्हणाले की निघायचं, वाद घालायचा नाही.

वनखात्याच्या परवानगीत नाव नसलेल्या कुणालाही सोबत आणू नकोस. हातात पाखरू धरून सेल्फीही नको.

टॉर्च कपाळाला बांधायचा आण. पूर्ण बाह्यांचा सदरा घाल, कारण डासांचं मलम लावलेल्या हातांनी पाखरू धरायचं नसतं. ते पिसांना लागतं.

तुझा,
रिंगिंगच्या गटातला काका