परदेशी बँक गाशा गुंडाळून गेली तर?

प्रश्न : मुलगी फोंड्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला परदेशी बँकेतच नोकरी हवी. माझ्या वडिलांनी तारण ठेवलेलं सोनं पोर्तुगिजांच्या बँकेने लिस्बनला नेलं होतं. अलीकडे सिटी बँकेचंही ऐकलं. अशा बँकांचा भरवसा धरावा का? – एक पालक

उत्तर : सोन्याचा राग रास्त आहे. १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या तोंडावर बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेने ते हलवलं. परत यायला १९९१ उजाडलं. पण ती राजवटीचीच बँक, नोटाही तीच काढायची. तिला इथे जाब कोण विचारणार? आज परदेशी बँकेला भारतात रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. बँकिंग नियमन कायद्याच्या २५व्या कलमानुसार, इथल्या देण्यांच्या किमान ७५ टक्के मालमत्ता तिमाहीअखेर भारतातच असावी लागते. जहाज भरून न्यायची सोय उरलेली नाही.

सिटीने २०२३ च्या मार्चमध्ये क्रेडिट कार्डं, बचत खाती वगैरे किरकोळ व्यवसाय ॲक्सिसला विकला. कंपन्यांशी होणारा व्यवहार भारतात चालूच आहे. विकलेल्या भागातले कर्मचारीही ॲक्सिसकडे गेले.

खरी मेख पुढे आहे. बँक कुठलीही असो, नियम यजमान देशाचे. वीस किंवा जास्त शाखा असल्या की परदेशी बँकेलाही ४० टक्के कर्ज शेती, लघुउद्योग अशा अग्रक्रम क्षेत्राला द्यावं लागतं. २०१८ मध्ये पेमेंटची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश आला. तो न पाळल्याबद्दल २०२१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसला नवे ग्राहक घ्यायला बंदी झाली. सिंगापूरच्या डीबीएसने तर २०१९ मध्ये इथल्या शाखांची भारतीय उपकंपनीच केली. असा प्रत्येक नियम वाचून मुख्यालयाला समजावणारी माणसं लागतात. त्या खात्याला कम्प्लायन्स म्हणतात. बँक गेली तरी हे ज्ञान इथल्याच दुसऱ्या बँकेत चालतं, म्हणून काउंटरवरच्या नोकरीपेक्षा मला ते जास्त भरवशाचं वाटतं.

बी.कॉम.नंतर सीएस (कंपनी सेक्रेटरी) करावं, किंवा मिरामारच्या साळगावकर अथवा मडगावच्या कारे कॉलेजातून एलएल.बी. दोन्ही एकदम नको. सोबत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची केवायसी-एएमएल (ग्राहकाची ओळख पटवणं आणि काळा पैसा पांढरा होऊ न देणं) परीक्षा द्यावी, खर्च बेताचा. मात्र ही कामं मुख्यतः मुंबई, पुणे, बंगळूरला आहेत. रोज फोंड्याला जेवायला घरी यायचं असेल तर हा नाद सोडलेला बरा, हे तिला आत्ताच सांगा.

एक चाचणी देतो. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लंडनला गेलेला कोणी ना कोणी तुमच्या वाड्यावर असेलच. त्याचं इथलं जुनं बचत खातं तसंच चालेल का, पासपोर्ट बदलल्याने फरक पडतो की परदेशी राहायला गेल्याने, हे तिने फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायदा आणि रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं वाचून पानभर लिहावं. लिहिताना कंटाळली तर बँकेचं नाव कितीही मोठं असो, हे काम तिचं नव्हे. लिहिलंच तर मला पाठवा, तपासून देईन.