नजरेसमोर चमकणारे रंगीत ठिपके: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय 34. गेले काही महिने अधूनमधून नजरेसमोर एखादा जांभळा किंवा हिरवट-निळा ठिपका चमकतो आणि सेकंद-दोन सेकंदांत विरतो. दुखत नाही, दिसण्यात फरक नाही. चष्म्याचा नंबर तपासला, तोही तसाच आहे. शोधाशोध केली तर ब्रेन ट्यूमरपासून दैवी संकेतापर्यंत सगळं वाचायला मिळालं. नेमकं काय समजायचं?

उत्तर : ट्यूमर आणि संकेत दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. डोळ्याच्या आतल्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, मेंदूशी बोलायची एकच भाषा येते. त्यावर उजेड पडो, बोटाचा दाब येवो किंवा तो आतून ओढला जावो, वर निरोप जातो तो 'उजेड दिसला' असाच. बंद पापणीवर बाहेरच्या कोपऱ्यात बोट अगदी हलकं टेकवलंत तर नाकाच्या बाजूला एक फिकट कडं दिसेल. पडद्यावर चित्र उलटं पडतं, त्यामुळे दाब एका बाजूला आणि चमक दुसऱ्या. (डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा मोठा उणे नंबर असेल तर हा प्रयोग करू नका. बाकीच्यांनीही जोरात दाबू नये.) अंधारात नजर झटकन कडेला वळवली तरी काहींना अशीच चमक दिसते.

तुमच्या वर्णनातले रंग मात्र आधी दुसरीकडे बोट दाखवतात: उजेडाची मागे राहिलेली छाप. गाडीच्या काचेवरचा झगमगाट, एलईडीचा बारीक दिवा, मोबाइलचा फ्लॅश यांच्याकडे आपलं लक्षही नसतं, पण पडद्याचा तेवढा भाग काही क्षण थकतो आणि नजर फिकट भिंतीवर गेली की विरुद्ध रंगाचा ठिपका उमटतो. हिरव्या दिव्याचा ठिपका गुलाबी-जांभळा, लाल दिव्याचा निळसर-हिरवा, पिवळ्याचा निळा. पुढच्या वेळी दोन-तीनदा पापण्यांची उघडझाप करा. छाप असेल तर ती पुन्हा उठून दिसते. ठिपका थोडा जास्त टिकला तर आधी हातातल्या कागदाकडे आणि मग लांबच्या भिंतीकडे पाहा. भिंतीवर तो मोठा वाटला तर समजा, तो बाहेर कुठे नाही, पडद्यावर चिकटलेला आहे.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तो एका डोळ्यात दिसतो की दोन्ही. इथे बहुतेकांची गल्लत होते. ठिपका उजव्या बाजूला दिसला की लोक 'उजव्या डोळ्यात' म्हणतात. प्रत्यक्षात उजव्या बाजूचं दृश्य दोन्ही डोळे टिपतात आणि ते मेंदूच्या डाव्या भागात जातं. दिसताक्षणी एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. दोन सेकंदांत दोन्ही जमणार नाही, म्हणून आधीच ठरवून ठेवा: या वेळी उजवा झाकायचा, पुढच्या वेळी डावा. ठिपका उजेडाची छाप नसेल आणि कोणताही डोळा झाकला तरी तो दिसत राहिला तर उगम बहुधा मेंदूत. एकच डोळा झाकल्यावर नाहीसा झाला तर उगम त्या डोळ्यात.

एक वही ठेवा. तारीख आणि वेळ, किती सेकंद, कोणता डोळा, आधी काय पाहत होतात, नजर किंवा मान हलवली होती का. जागा दाखवायला घड्याळाच्या तबकडीएवढं वर्तुळ काढून त्यात 'चारच्या काट्यावर, कडेजवळ' असं टिंब द्या. डॉक्टरांना 'काहीतरी चमकतं' यापेक्षा असं पान दहापट उपयोगी पडतं. रंगाचं वर्णन लोक हौसेने करतात, पण निदान बहुतेक वेळा वेळ आणि जागा यांवरूनच होतं.

कधीतरी, कुठेही उमटून मागे काही न ठेवता जाणारा एकटा ठिपका बहुधा निरुपद्रवी असतो आणि पुष्कळदा त्याचं कारण सापडतही नाही. तरी एक तपासणी करून घ्याच, कारण नंबर काढणं म्हणजे पडदा पाहणं नव्हे. थेंब टाकून बाहुली मोठी करून पडद्याच्या कडेपर्यंत पाहून घ्यायला सांगा. बाहुली मोठी व्हायला साधारण अर्धा तास लागतो आणि पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड खुपतो. तेव्हा गाडी चालवत जाऊ नका. ठिपका दर वेळी त्याच जागी येऊ लागला, वारंवारता वाढली किंवा तो विरल्यावर तिथे करडा डाग उरू लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. सूर्याकडे किंवा लेझर पॉइंटरकडे पाहिल्यानंतर नजरेच्या मधोमध डाग राहिला तर तेही तितकंच तातडीचं.

प्रश्न : वय 58, नंबर उणे 6. आठवडाभर रात्री दिवा मालवला की डाव्या डोळ्याच्या कडेला विजेसारखी कमान लकाकते. नजर फिरवली की जास्त. माश्यांसारखं काहीतरी तरंगतानाही दिसतं.

उत्तर : पडद्याच्या डॉक्टरांना आज किंवा उद्या दाखवा. वाचन बाकी राहिलं तरी चालेल.

डोळ्याच्या पोकळीत सुमारे 4 मिलिलिटर पारदर्शक, जेलीसारखा पदार्थ असतो. त्यात जवळजवळ 99 टक्के पाणी आणि बाकी कोलॅजनच्या तंतूंची जाळी. वयानुसार ही जेली पातळ होते, आक्रसते आणि पडद्यापासून सुटू लागते. उणे नंबर मोठा असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर हे लवकर घडतं. जिथे ती घट्ट चिकटलेली असते तिथे नजर हलताना पडदा ओढला जातो आणि चमक दिसते: कानाकडच्या कडेला, उभी, क्षणभर, अंधुक उजेडात ठळक. रंग बहुधा पांढरा, कधी पिवळसर किंवा निळसर. तरंगणाऱ्या माश्या म्हणजे सुटलेल्या तंतूंच्या सावल्या.

जेली सुटणं हा आजार नाही. पण सुटताना ती पडदा फाडू शकते. अशी नवी लक्षणं घेऊन आलेल्यांत साधारण दहातल्या एकाला फाट सापडते. तेवढ्यावर भागलं तर भोवती लेझरचे टाके घालून काम होतं. बाह्यरुग्ण विभागातच होतं, आणि टाक्यांची जागा घट्ट धरायला सुमारे दोन आठवडे लागतात. फाटीतून द्रव आत शिरला तर पडदा भिंतीपासून सुटतो आणि मग मोठी शस्त्रक्रिया लागते. पडद्याचा मधला भाग सुटण्याआधी ती झाली तर दृष्टी पुष्कळ चांगली वाचते. म्हणून 'सुट्टी संपली की जाऊ' इथे महाग पडतं. काळ्या ठिपक्यांचा अचानक सडा पडला, शाई सांडल्यासारखं दिसलं किंवा एका कडेकडून पडद्यासारखी सावली सरकू लागली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, जा.

पहिली तपासणी ठीक निघाली तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं असतं, आणि नेमकं हेच चुकतं. चमक थांबली की लोक जायचं टाळतात. ओढ चालू असेपर्यंत नवी फाट पडू शकते. तोवर रोज सकाळी एक-एक डोळा झाकून भिंतीवरच्या एका खुणेकडे पाहा आणि नजर न हलवता चारही कोपरे दिसतात का ते बघा. डोळे चोळू नका. थेंब, टॉनिक किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी यात काहीही फरक पडत नाही, कोणी कितीही खात्रीने सांगो.

प्रश्न : नजरेच्या मध्याजवळ झगमगता ठिपका सुरू होतो, त्याची नागमोडी, किल्ल्याच्या तटासारखी रंगीत कमान होते आणि वीस-पंचवीस मिनिटांत कडेला जाऊन संपते. डोळे मिटले तरी दिसते. डोकं कधी दुखतं, कधी नाही.

उत्तर : हे जवळजवळ पुस्तकी वर्णन आहे अर्धशिशीच्या पूर्वलक्षणांचं. डोळा इथे निर्दोष. मेंदूच्या मागच्या भागात पेशींच्या खळबळीची एक लाट सरकते आणि तिच्या मागून पेशी काही काळ गप्प होतात. म्हणून कमानीच्या आत काही क्षण अक्षरंच दिसत नाहीत. कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने 1941 साली स्वतःच्या कमानीची चित्रं काढून या लाटेचा वेग मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर काढला होता. आजही तो आकडा टिकून आहे. नजरेच्या मध्याला मेंदूत मोठी जागा मिळालेली असते, त्यामुळे लाट तिथे असताना कमान रेंगाळते आणि कडेकडे जाताना मोठी व वेगवान होते.

5 ते 60 मिनिटं हा नेहमीचा अवधी. त्या वेळात गाडी बाजूला घ्या. आधीपासून हा त्रास असलेल्यांनी गर्भनिरोधक गोळ्या घेताना डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या आणि धूम्रपान यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं झालं, तासाच्या पुढे टिकलं, किंवा हळूहळू पसरणाऱ्या उजेडाऐवजी अचानक काळोख आला, बोलणं अडखळलं, हातातलं बळ गेलं, तर अर्धशिशी गृहीत न धरता थेट रुग्णालय गाठा. गरोदरपणी, पाचव्या महिन्यानंतर, चमका आणि डोकेदुखी एकत्र आली तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या.

प्रश्न : मुलगा 11 वर्षांचा. डाव्या बाजूला लाल-निळे-हिरवे गोळे दिसतात म्हणतो. मिनिटभर टिकतात. मग डोकं दुखतं. आठवड्यात चार-पाचदा होतं.

उत्तर : इथे रंग आणि आकार खरोखर बोलतात. नागमोडी रेघा आणि वीस मिनिटं असतील तर अर्धशिशी. रंगीत गोळे, नेहमी एकाच बाजूला, काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं आणि वारंवार असतील तर मेंदूच्या मागच्या भागातून येणाऱ्या आकडीचा विचार आधी करावा लागतो. त्यानंतरही डोकं दुखतं, म्हणून ती वर्षानुवर्षं अर्धशिशी म्हणून खपते. बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. ते ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) आणि बहुधा एमआरआय सांगतील. तोवर प्रसंगाचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. नजर किंवा मान एका बाजूला ओढली जाते का, हाक मारल्यावर उत्तर येतं का, हे त्यात दिसायला हवं. एकट्याने पोहणं आणि रहदारीत सायकल चालवणं सध्या बंद. त्याला मात्र घाबरवू नका. पाहिलेल्या गोळ्यांचं चित्र रंगीत खडूंनी काढायला सांगा आणि ते चित्र तपासणीला न्या.

प्रश्न : निळ्या आकाशाकडे पाहिलं की असंख्य चमकते कण वळवळत पळतात. प्रत्येक कण सेकंदभरही राहत नाही.

उत्तर : तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दिसताहेत. पडद्यावरच्या केशवाहिन्यांतल्या तांबड्या पेशी निळा उजेड शोषतात, पांढऱ्या तो जाऊ देतात. पांढरी पेशी सरकली की तिथे उजळ कण धावतो, नाडीच्या ठोक्यासरशी किंचित उसळी घेत. हिरवळीकडे पाहा, ते नाहीसे होतील. काही करायचं नाही.

प्रश्न : हृदयाची गती कमी करायला आयव्हाब्रॅडिन सुरू झालं. तेव्हापासून अंधारातून उजेडात आलं की नजरेच्या एका भागात क्षणभर झगमगतं. गोळी बंद करू का?

उत्तर : स्वतःहून नको. हा या गोळीचा ठाऊक असलेला परिणाम आहे. ती हृदयातल्या ज्या विद्युतप्रवाहावर काम करते, तसाच प्रवाह पडद्यातही असतो. चाचण्यांमध्ये 14.5 टक्के रुग्णांनी असा झगमगाट सांगितला. बहुतेकांना तो पहिल्या दोन महिन्यांत सुरू झाला आणि उपचार चालू असताना किंवा थांबवल्यावर निघून गेला. उजेड एकदम बदलला की तो दिसतो, म्हणून रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांत गाडी चालवताना जपा. हृदयाच्या डॉक्टरांना मात्र सांगा; मात्रा कमी करायची का ते ठरवतील. तुमच्या औषधांच्या यादीत डिगॉक्सिन हे हृदयाचं दुसरं औषधही असेल आणि सगळं पिवळट दिसू लागलं किंवा दिव्यांभोवती पिवळी-हिरवी वलयं येऊ लागली, सोबत मळमळ असेल, तर त्याच दिवशी कळवा. रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासावं लागेल.