1,32,000 येनचा सुऱ्यांचा संच: गुंतवणूक की खर्च?

प्रश्न: आम्ही दोघं चार वर्षांपासून टोकियोत, निशी-कासाईला राहतो. माझा पगार वर्षाला साधारण 70 लाख येन, पत्नी नोकरी करत नाही. पुढच्या मार्चअखेर कायमचं पुण्याला परतायचं आहे. त्याआधी पाच जपानी सुऱ्यांचा दमास्कस संच घ्यायचा विचार आहे: 240 मिमीची ग्युतो (शेफची सुरी), 270 ची सुजिहिकी (पातळ कापांची), सांतोकू (सर्व कामांची), नाकिरी (भाज्यांची) आणि छोटी ‘पेटी’ सुरी, लाकडी स्टँडसह 1,32,000 येन. कार्डावर रिबोने (दरमहा ठरावीक हप्ता, उरलेल्या रकमेवर व्याज) दरमहा 5,000 भरले की जाणवणार नाही. दुकानदार म्हणतो, ही आयुष्यभराची गुंतवणूक आहे. घरी बहुतेक भाज्या, आठवड्यातून एकदा मासे. घ्यावा का?

उत्तर: संच घेऊ नका. एक सुरी आणि धार लावायचा एक दगड घ्या. सुरीचे पैसेही जवळपास सगळे करातून वळते करता येतील, ते पुढे सांगतो.

आधी रिबो. जपानी कार्डांवर त्याचा दर बहुधा वर्षाला 15 टक्के असतो. 1,32,000 वर पहिल्याच महिन्याचं व्याज 1,650 येन, म्हणजे तुमच्या 5,000 मधले मुद्दलाला जाणार 3,350. हप्त्यात व्याज धरलेलं असेल तर फेडायला 32-33 महिने लागतील आणि व्याजच 29,000 येनच्या आसपास जाईल. तुम्ही तर मार्चमध्ये निघणार. जपानी खातं बंद करायच्या धांदलीत उरलेली रक्कम एकदम भरावी लागेल. हप्ता जाणवत नाही, हाच रिबोचा धोका.

आता ‘गुंतवणूक’. सुरीला दर वेळी धार लावताना थोडं पोलाद दगडावर जातं. वर्षानुवर्षं वापरली की पातं अरुंद होतं, धारेमागचा भाग जाड होतो आणि गाजर कापलं न जाता फाटायला लागतं. म्हणजे ही झिजणारी वस्तू आहे. एकाच पोलादातून घडवलेल्या, नावाजलेल्या कारागिराच्या ‘होन्याकी’ सुऱ्यांना संग्राहक असतात, पण दुकानातला पाच सुऱ्यांचा संच त्या वर्गात येत नाही. स्वयंपाकाचा खर्च म्हणून घ्या. मग किंमत योग्य आहे का एवढंच पाहायचं उरतं.

दमास्कसची लाटालाटांची नक्षी ही बाहेरची साल. ‘67 थर’ म्हणजे मधे एक गाभा आणि दोन्ही बाजूंना 33-33 थर. कापतो तो गाभा. म्हणून पहिला प्रश्न: गाभ्याचं पोलाद कोणतं? व्हीजी-10 असेल तर स्टेनलेस, फुकुईतल्या ताकेफू कंपनीचं, कडकपणा साधारण 60-61 रॉकवेल (कडकपणाचं माप). युरोपीय घरगुती सुऱ्या 56-58 च्या असतात. गिनसान हे पोलादही गंजरोधक आणि दगडावर धार लावायला जास्त सोपं. शिरोगामी आणि आओगामी ही यासुगी गावची कार्बन पोलादं. धार विलक्षण लागते, पण टोमॅटो, लिंबू, चिंचेने काळी पडतात आणि ओली राहिली तर लगेच तांबेरतात. पुण्याच्या जुलैत, गॅसवर फोडणी टाकून सुरी बाजूला ठेवायची सवय असेल, तर कार्बनच्या वाटेला जाऊ नका. एसजी2 सारखं पावडर पोलाद आणखी कडक. तुकडा उडाला तर घरच्या दगडावर दुरुस्त करताना दमछाक होते.

पण पोलादाचं नाव म्हणजे अर्धी गोष्ट. तेच व्हीजी-10 तापवणं-थंड करणं नीट न साधलेल्या हातात गेलं तर धारेचे कण उडतात. हे दुकानात डोळ्यांना दिसत नाही, म्हणून घडवणाऱ्याचं नाव आणि गाव विचारा: साकाई, सेकी, सांजो, एचिझेन ही सुऱ्यांसाठी ओळखली जाणारी गावं. साकाईत तर घडवणारा, धार देणारा आणि मूठ बसवणारा हे वेगवेगळे कारागीर असतात. ‘जपानी पोलाद’ एवढंच लिहिलेलं आणि उत्पादकाचा पत्ता नसलेलं खोकं परत ठेवा.

जे दिसतं ते मात्र नीट पाहा. पातं डोळ्याच्या रेषेत धरून टाचेकडून (मुठीजवळच्या बाजूने) टोकाकडे बघा; वाक लगेच कळतो. सपाट पाटावर धार टेकवा आणि खालून उजेड येतो का पाहा. टाचेजवळ फट असेल तर भाजी अर्धवट कापली जाऊन माळेसारखी लटकत राहते. टाचेच्या बाजूने छेद पाहा: पाठीकडून धारेकडे पातं निमुळतं होत गेलं पाहिजे, धारेच्या अगदी वर जाड नको. पाठीच्या कडा बोटाला टोचतात का, मुठीच्या सांध्यात फट आहे का, हेही बघा. फटीत पाणी शिरतं आणि मुठीच्या आतली पात्याची शेपटी गंजते.

या कसोट्यांना उतरणारी, साध्या पात्याची व्हीजी-10 किंवा गिनसानची सांतोकू टोकियोत साधारण 12,000 ते 20,000 येनला मिळते. तुमच्या संचात सांतोकू, नाकिरी आणि ग्युतो तिघी भाजी चिरायचं एकच काम करतात. सुजिहिकी शिजलेल्या मांसाचे आणि कच्च्या माशाचे पातळ काप काढायला. सुरमईच्या तुकड्या पाडताना काटा तिच्या धारेला चावेल. नारळ, सुरण, लाल भोपळ्याची साल, गोठलेले मासे ही कामं यातल्या एकाही पातळ पात्याची नाहीत. ती विळी आणि कोयत्यालाच राहू द्या. म्हणजे 180 मिमीची सांतोकू पुरे. फार तर ती छोटी ‘पेटी’ सुरी जोडा.

सोबत 1000 क्रमांकाचा दगड घ्या, हवा तर नंतर 3000 चा. एकेकाला साधारण 3,000 ते 6,000 येन. कोन प्रत्येक बाजूला 15 अंशांच्या आसपास ठेवा. पुण्यात रस्त्यावरच्या धारवाल्याच्या चाकाखाली ही सुरी कधी देऊ नका: कोरडं चाक धार तापवतं, निळसर झाली की तिथला कडकपणा गेला. ग्रॅनाइटचा ओटा आणि काचेचा पाट यांचाही धारेशी उभा दावा.

आता पैसे. जपानमध्ये जुमिनझेई (रहिवासी कर) भरता म्हणून तुम्हाला फुरुसातो नोझेई (गावांना देणगी देऊन करसूट) लागू आहे. सेकी, सांजोसारख्या गावांना देणगी द्या, ती गावं बदल्यात सुरी पाठवतात. भेटीचं मूल्य देणगीच्या 30 टक्क्यांपर्यंत असतं आणि मर्यादेत राहिलात तर खिशातून जातात फक्त 2,000 येन. तुमच्या पगाराला, पत्नी अवलंबित धरून, मर्यादा सुमारे 86,000 येन. भारतातले आई-वडीलही अवलंबित दाखवले असतील तर ती खाली येते, तेव्हा आधी हिशेब करा. 50,000 देणगीत 15,000 येनच्या आसपासची सांतोकू बसते.

तुमच्या बाबतीत तारीख महत्त्वाची. जुमिनझेई 1 जानेवारीला जपानमध्ये राहणाऱ्यावर बसतो. तुम्ही मार्चमध्ये निघणार, म्हणून 31 डिसेंबरपर्यंत दिलेल्या देणगीची सूट जूनमध्ये येणाऱ्या बिलात मिळेल; ते बिल भरायला इथे कर-प्रतिनिधी नेमून जा. डिसेंबरातच परतायचं ठरलं तर हा फायदा जवळपास संपतो. आणि जानेवारी-मार्चमध्ये देणगी देऊ नका, तिच्यासमोर वळता करायला कर उरणार नाही. विवरणपत्र न भरता ही सूट मिळवायचा वन-स्टॉप अर्ज 10 जानेवारीपर्यंत त्या गावाच्या कार्यालयात पोचायला हवा. वैद्यकीय खर्चासाठी विवरणपत्र भरलंत तर तो अर्ज रद्द होतो, देणगी विवरणपत्रातच दाखवा. सुरी घरी यायला कधी महिने लागतात, तेव्हा पोचण्याची तारीख पाहूनच निवडा.

तुम्ही रहिवासी, म्हणून दुकानात 10 टक्के विक्रीकराची सूट तुम्हाला नाही. विमानात सुरी फक्त चेक-इन सामानात, धारेवर पुठ्ठा बांधून. आणि दुकानातून घरी आणताना खोकं उघडू नका: 6 सेंमीहून लांब पातं सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणं जपानमध्ये गुन्हा आहे.