झोपून रक्त दिलं तर पोटॅशियम ५.१ आणि बसून दिलं तर ५.८, असं का?

तुमचे वडील किडनीचे रुग्ण. वॉर्डात पलंगावर पडल्यापडल्या घेतलेल्या रक्तात पोटॅशियम ५.१ आलं आणि आठवड्याने लॅबमध्ये चालत जाऊन, खुर्चीत बसून दिलेल्या रक्तात ५.८. खाणं तेच, गोळ्या त्याच. मग हा फरक नुसत्या बसण्या-झोपण्याचा का, असं तुम्ही विचारलंय. मी लॅबमध्ये रक्त घ्यायचंच काम करते, त्यामुळे सुई धरणाऱ्याच्या बाजूने सांगते. नुसत्या बसण्याने एवढा फरक सहसा पडत नाही. पण खुर्चीपर्यंत येताना आणि खुर्चीत बसल्यावर जे होतं, त्याने सहज पडू शकतो.

आडवा माणूस उठून उभा राहिला की पायांतल्या बारीक रक्तवाहिन्यांमधला दाब वाढतो आणि रक्तातलं पाणी आजूबाजूला झिरपायला लागतं. काही मिनिटांतच रक्तद्रव १० ते १५ टक्क्यांनी घटतो. रक्तपेशी आणि प्रथिनं आकाराने मोठी, ती वाहिनीतच राहतात. म्हणून हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), एकूण कॅल्शियम हे आकडे चढलेले दिसतात. बसल्यावरही हेच होतं, जरा कमी. पोटॅशियमचा कण मात्र इवलासा, तो पाण्याबरोबरच बाहेर पडतो. त्यामुळे मागे राहिलेल्या रक्तात त्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहतं.

उभं राहिल्यावर रेनिन आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकंही वाढतात. पण अल्डोस्टेरॉनचं काम पोटॅशियम लघवीवाटे बाहेर काढायचं, म्हणजे त्याने आकडा वाढायचं कारणच नाही.

दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून हिमोग्लोबिन बघा. १० चं १०.६ झालं असेल आणि अल्ब्युमिनही त्याच बेताने वर गेलं असेल, तर त्या दोघांची वाढ बसण्यामुळे असू शकते. (एरिथ्रोपोएटिनचं, म्हणजे लाल पेशी वाढवणारं, इंजेक्शन हिमोग्लोबिन बघून ठरतं. खरं तर बसून की झोपून याची काळजी तिथे जास्त घ्यायला हवी, पण ते कुणी विचारत नाही.)

मग पोटॅशियम चढलं कशाने? शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, मुख्यतः स्नायूंमध्ये. स्नायू हलले की त्यातलं थोडं रक्तात येतं. सावकाश चालण्यानेही ०.३-०.४ वाढू शकतं. त्यात माणूस जिने चढून धापा टाकत येतो आणि नंबर लागला म्हणून लगेच हात पुढे करतो. शीर सापडत नाही. पट्टा करकचून बांधला जातो आणि मागून सूचना येते, "मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा." पट्ट्याने रक्त अडलेलं, मुठीमुळे हाताचे स्नायू त्यात पोटॅशियम सोडताहेत, आणि सुई जाते नेमकी त्याच रक्तात. एवढ्यानेच आकडा १ किंवा त्याहून जास्त वाढल्याची उदाहरणं आहेत. पलंगावरच्या रुग्णाचा हात मात्र बराच वेळ सैल पडलेला असतो.

दुसरा घोटाळा हिमोलिसिसचा. बारीक सुईतून सिरिंजने जोरात ओढलं की लाल पेशी फुटतात, आणि त्यांच्या आत बाहेरच्या रक्तद्रवापेक्षा वीसपटीहून जास्त पोटॅशियम असतं. असं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) लालसर दिसतं. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असा शेरा असेल, तर त्या आकड्यावर काही ठरवू नका.

पुढच्या वेळी वडिलांना आधी १५ मिनिटं शांत बसू द्या. मूठ वळायला लावू नका आणि पट्टा मिनिटभराच्या आत सोडा, असं रक्त घेणाऱ्याला सरळ सांगा. आम्हाला राग येत नाही. डायलिसिससाठी फिस्टुला (हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) केला असेल तर तो हात द्यायचा नाही, हे तुम्हाला माहीत असेलच.

मात्र "बसून घेतलं म्हणून वाढलं" असं म्हणून ५.८ सोडून देऊ नका. किडनीच्या रुग्णात चढलेलं पोटॅशियम खोटं ठरेपर्यंत खरंच धरायचं. डॉक्टरांना आजच कळवा, ते बहुतेक लगेच पुन्हा तपासायला सांगतील. आकडा ६ च्या वर गेला, किंवा हातापायांतली ताकद गेल्यासारखी वाटली, छातीत धडधडलं, तर लॅबची वाट न बघता थेट दवाखाना गाठा. तिथे आधी ईसीजी काढतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या, स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारी एक गोळी), काही वेदनाशामकं आणि 'लो सोडियम' मीठ, यांनी पोटॅशियम खरोखर वाढतं. यातलं काय चालू आहे ते डॉक्टरांना सांगा, पण लिहून दिलेली गोळी मनाने बंद करू नका.

आणि त्याच रिपोर्टवर क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) आणि बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल आवरणारा घटक) बघा. क्रिएटिनिन वर आणि बायकार्बोनेट खाली गेलं असेल, तर हा आकडा खुर्चीचा नाही, किडनीचाच असण्याची शक्यता जास्त.