सिनिक कशावर अविश्वास ठेवतो?

प्रश्न असा आहे: सिनिक, स्केप्टिक आणि पेसिमिस्ट, तिघांनाही आपण 'नकारात्मक माणूस' म्हणून मोकळे होतो. मग त्यांच्यात फरक तो काय, आणि सिनिकला मराठीत नेमकं म्हणायचं काय?

तिघेही मान डोलावत नाहीत हे खरं, पण कोण कशाला मान डोलावत नाही ते बघा. स्केप्टिकचा अविश्वास दाव्यावर असतो. पेसिमिस्टचा पुढे काय होणार त्यावर. सिनिकचा माणसाच्या हेतूवर. एवढं एक धरून ठेवलं तर पुढचं बरंचसं आपोआप सुटतं.

समजा, एका कारखान्याच्या मालकाने नदी स्वच्छ करण्यासाठी मोठी देणगी जाहीर केली. स्केप्टिक विचारेल, ''किती किलोमीटरचा पट्टा? पाणी आधी तपासलंय का, नंतर कोण तपासणार?'' पेसिमिस्ट म्हणेल, ''दोन वर्षांत पुन्हा हीच घाण.'' सिनिक म्हणेल, ''जाहिरातीपेक्षा स्वस्त पडलं त्याला.'' सिनिक नदीबद्दल अवाक्षरही बोललेला नाही, हे लक्षात घ्या. त्याचा डोळा मालकावर आहे.

आता वर्षभराने पाण्याचा अहवाल आला आणि नदी खरोखर सुधारलेली निघाली. स्केप्टिक आकडे तपासतो, पटले तर मान्य करतो. त्याच्या दृष्टीने विषय मिटला. पेसिमिस्ट थोडा वरमतो, फार तर ''बघू किती टिकतंय'' म्हणतो. सिनिकला मात्र या अहवालाने काहीच फरक पडत नाही, कारण पाण्याच्या तपासणीत मालकाच्या मनातलं काही उतरत नाही. नदी सुधारली तर ''नाव झालं ना त्याचं'', नाही सुधारली तर ''मी म्हणतच होतो''. म्हणून सिनिकशी पुरावे देऊन वाद घालणं सहसा वाया जातं. ''काय दाखवलं तर तुझं मत बदलेल?'' हा प्रश्न विचारून बघा. स्केप्टिककडे उत्तर असतं, सिनिककडे बहुधा नसतं.

शब्द वापरताना चुकू नये म्हणून एक सोपी कसोटी: ज्याला हेतूच नसतो, त्याच्याबद्दल सिनिकल होता येत नाही. पावसाबद्दल पेसिमिस्टिक होता येतं. पावसाच्या अंदाजाबद्दल स्केप्टिकल होता येतं. सिनिकल व्हायचं तर अंदाज सांगणाऱ्या माणसाबद्दलच व्हावं लागेल: ''हात झटकायला मोकळे राहावेत म्हणून दोन्हीकडून बोलतात.'' तेव्हा 'मी या औषधाबद्दल सिनिकल आहे' असं वाक्य दिसलं की तिथे स्केप्टिकल हवं होतं असं खुशाल समजा. औषध कंपनीबद्दल असेल, तर सिनिकल चालेल.

सिनिक आणि पेसिमिस्ट एकच मानण्याची चूक सर्वांत जास्त होते. खरं तर हे दोन गुण एकमेकांवर अवलंबून नाहीत. ''पूल या वर्षी नक्की पूर्ण होणार, निवडणूक आलीय ना'' असं म्हणणारा पक्का सिनिक आहे आणि पुलाबाबत आशावादीही आहे. उलट ''माणसं जीव तोडून काम करतायत हो, पण हे काही जमायचं नाही'' म्हणणारा पेसिमिस्ट आहे. सिनिकपणाचा त्यात लवलेश नाही. विरुद्धार्थी शब्द शोधले तरी हेच दिसतं. पेसिमिस्टच्या उलट आशावादी, स्केप्टिकच्या उलट सांगेल ते खरं मानणारा, आणि सिनिकच्या उलट भाबडा.

संशयी माणूस वेगळा. त्याला अमुक माणसाने अमुक काहीतरी लपवलंय असं वाटतं, आणि त्याने तो अस्वस्थ असतो. सिनिकला शंका नसतेच, खात्री असते, आणि तो बऱ्यापैकी निवांत असतो. कटकारस्थानं शोधणाऱ्याशीही त्याचं जमत नाही. एवढा मोठा कट रचण्याइतकी एकी माणसांत असते यावर त्याचा विश्वास बसत नाही. त्याच्या लेखी जग चालतं ते पैसा, खुर्ची, कौतुक असल्या साध्या स्वार्थावर. माणूसघाणा माणसं टाळतो, सिनिक मात्र माणसांत छान रमू शकतो, विनोदीही असतो. निहिलिस्टला हेतू चांगला की वाईट हा प्रश्नच निरर्थक वाटतो, म्हणजे तो सिनिकच्याही पलीकडे गेला. आणि उपरोध ही नुसती बोलायची ढब आहे. भाबडा माणूसही उपरोधाने बोलू शकतो.

'मी सिनिक नाही, रिअॅलिस्ट आहे' हे वाक्य तर नेहमीचंच. रिअॅलिस्ट प्रत्येक वेळी वेगळा हिशोब मांडतो: देणगीमागे प्रसिद्धीची हाव आहे आणि नदीची कळकळही आहे, असं मिश्रण त्याला चालतं. सिनिकला मिश्रण चालत नाही. स्वार्थाचा एक धागा सापडला की त्याच्या दृष्टीने सगळं कापड त्याच धाग्याचं.

मूळ सिनिक, म्हणजे प्राचीन ग्रीसमधला तत्त्वज्ञांचा एक पंथ, असे नव्हते, ही यातली गंमत. 'सिनिक' हा शब्द आला 'कुत्र्यासारखा' या अर्थाच्या ग्रीक विशेषणावरून. इ.स.पू. चौथ्या शतकातला सिनोपचा डायोजेनिस हा त्यांच्यातला सर्वांत प्रसिद्ध. मातीच्या मोठ्या रांजणात राहणारा, भर दिवसा दिवा घेऊन माणूस शोधत फिरणारा, आणि 'काय हवं ते माग' म्हणणाऱ्या अलेक्झांडरला 'माझ्या उन्हातून बाजूला हो' असं सुनावणारा, अशा त्याच्या आख्यायिका आहेत. मालमत्ता, मानमरातब, शिष्टाचार या सगळ्यांना या लोकांनी लाथाडलं, पण सद्गुणांवर त्यांचा ठाम विश्वास होता. साधं आणि प्रामाणिक जगता येतं हेच त्यांना दाखवायचं होतं. थीब्जचा क्रेटीस त्यांच्यातलाच, आणि स्टोइक पंथ सुरू करणारा झेनो त्याचा शिष्य. साधं आणि प्रामाणिक जगता येतं, नेमकं हेच आजचा सिनिक मानत नाही. जर्मन भाषेत जुन्या पंथाला 'कीनिस्मुस' आणि आजच्या वृत्तीला 'त्सीनिस्मुस' असे दोन शब्द आहेत. इंग्रजीत जुन्यांसाठी पहिलं अक्षर मोठं लिहितात, तेवढाच फरक. त्यामुळे तत्त्वज्ञानावरचा मजकूर वाचताना त्या अक्षरावर नजर ठेवा. स्केप्टिकही मुळात एक पंथच, एलिसच्या पिऱ्हो या ग्रीक तत्त्वज्ञापासूनचा. 'पाहणे, तपासणे' या अर्थाच्या क्रियापदावरून तो शब्द आला आणि त्याचा अर्थ आजही फारसा ढळलेला नाही.

आता प्रतिशब्दाकडे. एकच शब्द सगळीकडे बसवायला गेलात तर फसाल, कारण इंग्रजीत 'सिनिकल' दोन दिशांनी चालतो. एक, दुसऱ्याच्या हेतूवर विश्वास नसलेला माणूस. दुसरा, स्वतःच स्वार्थी हेतू ठेवून केलेलं कृत्य. फुटबॉलमधला 'सिनिकल फाउल' घ्या. चेंडू घेऊन खेळाडू निसटतो, मागचा बचावपटू चेंडूकडे बघतसुद्धा नाही, सरळ जर्सी धरून त्याला थांबवतो. पिवळं कार्ड मिळणार हे त्याला ठाऊक असतं आणि तो सौदा त्याला परवडतो. इथे अविश्वासाचा काही संबंध नाही. नियम मोडण्याची किंमत मोजून केलेला थंड डोक्याचा हिशोब आहे. याला 'संशयवादी फाउल' म्हणून चालेल का?

म्हणून माणसाबद्दल असेल तर मी 'कुणाच्याच चांगुलपणावर विश्वास नसलेला' असं फोडून लिहितो, सूर सांगायचा असेल तर 'कडवट'. कृत्याबद्दल असेल तर 'निव्वळ मतलबी' किंवा 'हिशोबी', आणि राजकारण्याच्या बाबतीत 'निर्ढावलेला' इतका चपखल बसतो की तिथे इंग्रजी शब्दाची आठवणही येत नाही. 'दोषैकदृष्टी' नको, ती कामातल्या चुका शोधते. 'निंदक' नको, कारण निंदकाला बोलावंच लागतं, सिनिक नुसता हसूनही काम भागवतो. 'विक्षिप्त' तर मुळीच नको, तो डायोजेनिसच्या रांजणापुरता ठीक. 'संशयवादी' स्केप्टिकसाठी राखून ठेवा. लेखात शब्द पुन्हा पुन्हा येणार असेल, तर पहिल्यांदा अर्थ फोडून सांगा आणि पुढे सरळ 'सिनिक' लिहा.