लॉगबुक हातात येईपर्यंत नंबर विकू नका

इंग्लंडमधल्या लेस्टरहून आलेलं तुमचं पत्र चांगलं दोन पानी आहे, पण मला हवी होती ती माहिती शेवटच्या ओळीत सापडली. पाच महिन्यांपूर्वी तुम्ही ओळखीतल्या एका गृहस्थांकडून वापरलेली गाडी घेतली. गाडीवर खासगी नंबर होता, त्यांच्या आडनावासारखा वाचला जाणारा. नंबरांच्या एका दलालाने त्याचे अडीच-तीन हजार पौंड येतील असं सांगितल्यावर तो उतरवून विकावा असं तुमच्या मनात आलं. ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि फोन आला, ‘गाडी तुम्हाला दिली, नंबर दिलेला नाही.’ नंबर कायद्याने कुणाचा, असं तुम्ही विचारता. आणि मग जाता जाता लिहिता, ‘लॉगबुक अजून आलेलं नाही, माझ्याकडे फक्त हिरवी चिठ्ठी आहे.’ (लॉगबुक म्हणजे गाडीचा नोंदणी-दाखला, आणि हिरवी चिठ्ठी म्हणजे खरेदीच्या वेळी त्यातून नव्या माणसाला फाडून दिलेला तुकडा.)

पाच महिने! नवीन लॉगबुक चार आठवड्यांत आलं नाही तर विचारणा करायची असते. मधल्या काळात तुम्ही लग्नासाठी भारतात होतात हे मी समजू शकतो, पण लग्न काही पाच महिने चालत नाही.

नंबर कुणाचा हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. पाटीवरची अक्षरं आणि आकडे गाडीसारखे कुणाच्या मालकीचे नसतातच. १९९४ च्या व्हेइकल एक्साइज अँड रजिस्ट्रेशन ॲक्टखाली तो नंबर गाडीला नेमून दिलेला असतो. तो गाडीवरून काढून राखून ठेवण्यासाठी अर्ज करता येतो तो गाडीच्या नोंदणीकृत कीपरला, म्हणजे गाडी ज्याच्या ताब्यात असल्याची नोंद आहे त्याला. म्हणून माझा प्रश्न एवढाच आहे की अर्ज होईल त्या दिवशी डीव्हीएलएच्या, म्हणजे स्वान्सीतल्या सरकारी वाहन नोंदणी खात्याच्या, नोंदीत कीपर म्हणून कुणाचं नाव असेल? लॉगबुक तुमच्याकडे आलेलं नाही, याचा बहुधा अर्थ असा की त्या गृहस्थांनी विक्री कळवलेलीच नाही आणि स्वान्सीच्या नोंदीत आजही त्यांचंच नाव आहे. विक्री कळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे, न कळवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्यांना दंड झाला म्हणून तुमचा नंबर वाचणार नाही.

यातला धोका तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. जुनं लॉगबुक, म्हणजे व्ही५सी, त्यांच्याकडेच असेल तर त्यावरचा ११ आकडी संदर्भ क्रमांक टाकून आणि ८० पौंड भरून ते घरबसल्या ऑनलाइन अर्ज करू शकतात. नंबर त्यांच्या नावावर राखला जाईल, तुमच्या गाडीला बहुतेक तिचा मूळचा जुना नंबर परत मिळेल, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसेल. तुम्ही मात्र त्याच खासगी नंबरच्या पाट्या लावून एम-वनवर गाडी चालवत असाल. चुकीच्या नंबरपाटीचाही दंड १,००० पौंडांपर्यंत जातो, आणि विमा कंपनीशी वाद उभा राहिला तर तो त्याहून महाग पडेल.

म्हणून हे वाचून झाल्यावर पहिलं काम करा. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून तिची माहिती पाहा. फुकट आहे, दोन मिनिटांत होतं. तिथे शेवटचं व्ही५सी कधी दिलं गेलं ती तारीख दिसते. ती तुमच्या खरेदीच्या नंतरची असेल तर नवीन लॉगबुक निघालेलं आहे आणि टपालात किंवा चुकीच्या पत्त्यावर गहाळ झालं आहे. ते सोपं प्रकरण. तारीख खरेदीच्या आधीची असेल तर मी वर लिहिलेली भीती खरी आहे. आणि त्या नंबरावर तुमची गाडी दिसण्याऐवजी भलतंच काही दिसलं, तर नंबर आधीच उतरलेला आहे. तसं असेल तर गाडी रस्त्यावर आणू नका आणि मला पुन्हा लिहा, कारण मग सल्ला वेगळा असेल.

त्याच पानावर गाडीचा टॅक्स भरलेला दिसतो की नाही तेही पाहा. १ ऑक्टोबर २०१४ पासून इथे टॅक्स गाडीबरोबर नव्या माणसाकडे जात नाही. गाडी घेतली त्याच दिवशी हिरव्या चिठ्ठीवरच्या १२ आकडी क्रमांकाने तुम्ही तो भरायला हवा होता. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. टॅक्स भरलेला दिसत असेल आणि तुम्ही भरलेला नसेल, तर त्या गृहस्थांनी भरलेलाच टॅक्स अजून चालू आहे, म्हणजे विक्री कळवलेली नाही याचा तो दुसरा पुरावा. आजच तुमच्या नावाने भरा. टॅक्स नाही आणि गाडी रस्त्यावरून काढल्याची सॉर्न नोंदही नाही, अशा गाडीवरून नंबर काढून मिळत नाही.

आता अर्ज. ऑनलाइन सोय तुमच्या कामाची नाही, कारण तिला तुमच्या नावाचं लॉगबुक लागतं. टपालाने मात्र हिरव्या चिठ्ठीवर मार्ग आहे: लॉगबुकसाठीचा व्ही६२ फॉर्म, नंबर राखण्यासाठीचा व्ही३१७ फॉर्म, ती चिठ्ठी आणि ८० पौंड एकत्र पाठवायचे. चिठ्ठीची दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवा आणि पाकीट नोंदणीकृत टपालानेच पाठवा. चिठ्ठी हा सध्या तुमच्याकडचा एकमेव कागद आहे, ती हरवली तर तुम्ही फार मागे जाल. व्ही६२ गेल्यावर डीव्हीएलए जुन्या कीपरला पत्र पाठवून विचारू शकते. त्यांनी हरकत घेतली तर काय होईल हे छातीठोकपणे सांगता येत नाही. एवढं नक्की की नंबर विकला होता की नाही हा वाद डीव्हीएलए सोडवत बसत नाही, तो दिवाणी वाद आहे असं सांगून मोकळी होते.

इथे मला तुमच्या दुसऱ्या निष्काळजीपणाबद्दल बोलावं लागेल. पत्राला जोडलेल्या व्हॉट्सॲपच्या प्रतीत सौदा ठरताना त्यांनी लिहिलं आहे, ‘नंबरचं नंतर बघू.’ आणि तुम्ही उत्तरादाखल अंगठा पाठवला आहे. अडीच-तीन हजार पौंडांच्या गोष्टीचा निकाल त्या अंगठ्यावर कसा लागेल, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. त्यांचा वकील म्हणेल, नंबर सौद्याबाहेर होता. तुमचा म्हणेल, काहीच ठरलं नव्हतं, गाडी होती तशी विकली, नंबर तिच्यावरच होता. माझ्या मते किमतीवरून बरंच ठरेल. त्याच वयाच्या, तेवढ्याच मैल चाललेल्या साध्या नंबरच्या गाडीला जो भाव मिळतो तोच तुम्ही दिला असेल, तर नंबरचे पैसे तुम्ही मोजले नाहीत हे न्यायाधीशाला दिसेल. जास्त दिले असतील तर पारडं तुमच्याकडे झुकेल. त्या काळातल्या जाहिराती, भावाची घासाघीस, बँकेची नोंद, सगळं जपून ठेवा. त्यांच्याशी झालेला एकही संदेश पुसू नका, तुमच्या विरोधात जाणारा तर अजिबात नाही.

आणि हे नीट समजून घ्या: लॉगबुक तुमच्या नावावर आलं की अर्ज करण्याचा अधिकार तुमचा, पण करार त्याने पुसला जात नाही. व्ही५सीवर छापलेलंच असतं की तो मालकीचा पुरावा नव्हे. महाराष्ट्रातल्या आरसी बुकाच्या सवयीने इथले आपले लोक नेमके इथेच फसतात. नंबर राखून ठेवण्याचा करार होता असं त्यांनी सिद्ध केलं, तर तुम्ही तो विकून आलेले पैसे त्यांना नुकसानभरपाई म्हणून द्यावे लागू शकतात. करारभंगाचा दावा करायला त्यांना सहा वर्षं आहेत.

कोर्टात जायची खुमखुमी मात्र दोघांनीही आवरा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये चालतो, वकिलाची फी जिंकूनही बहुतेक परत मिळत नाही, आणि सुनावणीची तारीख मिळायला वर्ष लागलं तरी मला नवल वाटत नाही. सामान्य माणसाच्या छोट्या दाव्यांसाठी केलेलं कोर्ट इतकं रेंगाळावं, याचा मला मनापासून राग येतो. मे २०२४ पासून पैशांच्या अशा दाव्यांत फोनवरची तासाभराची मोफत मध्यस्थी सक्तीची केली आहे. पण तीच बोलणी तुम्ही दोघं मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात चहा घेताना करू शकता. नंबरवर त्यांचं आडनाव आहे, त्यांना तो हवा आहे, तुम्हाला फक्त पैसे हवे आहेत. त्यांनी ८० पौंड, नव्या पाट्यांचा खर्च आणि वर ठरेल ती रक्कम द्यावी, नंबर त्यांचा. हे जमलं तर ईमेलवर लिहून घ्या आणि दोघांनी ‘मान्य’ असं शब्दांत लिहा.

नाही जमलं आणि नंबर तुमच्या नावावर राखला गेला, तर तुम्हाला व्ही७७८ हा दाखला येईल. तो १० वर्षं चालतो, म्हणजे विकायची घाई नाही. वाद मिटेपर्यंत विकू नका. विकाल तेव्हा पैसे खात्यात जमा होईपर्यंत व्ही७७८ चा फोटो गिऱ्हाइकाला किंवा दलालाला पाठवू नका. त्यावरच्या क्रमांकाने नंबर ऑनलाइन दुसऱ्या गाडीला लावता येतो. विक्रीवरच्या कराबद्दल तुमच्या अकाउंटंटला विचारा.

नंबर उतरला की नवीन पाट्या नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करून घ्या आणि गाडी हलवण्याआधी विमा कंपनीला कळवा. डार्टफर्डच्या टोलचं खातं किंवा पार्किंग परमिट असेल तर तिथेही नंबर बदला. गाडी कर्जावर असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. असेल, तर यातलं काहीही करण्याआधी फायनान्स कंपनीची लेखी परवानगी लागेल का ते करारात पाहा.

त्या गृहस्थांना आजच एक ईमेल पाठवा, रागाचा एकही शब्द न वापरता. गाडी अमुक तारखेला अमुक रकमेला घेतली, विक्री डीव्हीएलएला कळवली का ते कळवावं, आणि नंबरबद्दल लेखी काही ठरेपर्यंत दोघांपैकी कुणीही तो विकणार नाही, एवढंच त्यात असू द्या. ते गेलं की व्ही६२ भरायला बसा.