डेबियन लिनक्सच्या स्टेबलवर (स्थिर आवृत्तीवर) लिब्रेऑफिस हे ऑफिसचं सॉफ्टवेअर जुनं आहे, टेस्टिंगवर (अजून चाचणीत असलेल्या पुढच्या आवृत्तीवर) जाऊ का?

रोजच्या कामाचा एकच संगणक असेल तर जाऊ नका. स्टेबलमध्ये आवृत्त्या गोठवलेल्या असतात, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात. टेस्टिंगमध्ये त्याच कधीकधी उशिरा पोहोचतात, हे बरेच जण लक्षातच घेत नाहीत. नवं लिब्रेऑफिस हवंय ना? तेवढंच फ्लॅटपॅकने (ॲप सिस्टिमपासून वेगळं बसवायची सोय) घ्या, बाकी सिस्टिम जशीच्या तशी राहते. लॅपटॉप अगदी नवा असून वायफाय चालत नसेल तर बॅकपोर्ट्समधला (स्टेबलसाठी नव्या आवृत्त्या देणारा डेबियनचाच साठा) कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, टाकून बघा.

सगळंच ताजं हवं असेल तर फेडोरा हे दुसरं लिनक्स बरं: साधारण दर ६ महिन्यांनी नवी आवृत्ती, प्रत्येकीला सुमारे १३ महिने अपडेट.

एक मात्र कळकळीने सांगतो, स्टेबल आणि टेस्टिंगच्या रिपॉझिटरी (सॉफ्टवेअर पॅकेजांचे साठे) एकत्र मिसळू नका. पॅकेजं एकमेकांत अडकली की सोडवताना नाकी नऊ येतात.